भिंतीचा हुबेहूब रंग लावूनही तुम्हीच आधी का सापडता

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगातल्या कॉम्प्युटर खेळाच्या जावा आवृत्तीत, मित्रांच्या सर्व्हरवर तुम्ही लपाछपी खेळता. ओकच्या फळ्यांची एक लांब भिंत तुम्ही हेरून ठेवली होती. टेक्स्चरच्या, म्हणजे ठोकळ्यावरच्या चित्राच्या फाइलमधून आयड्रॉपरने फळीचा रंग उचललात, डोक्यापासून पायापर्यंत सगळी स्किन, म्हणजे खेळाडूच्या अंगावर चढणारं चित्र, त्याच एका रंगाने भरलीत आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिलात. राज्य घेणारा खोलीत शिरला तो सरळ तुमच्याकडेच आला. तीन डाव असंच झालं, म्हणून विचारताय की नेमका कोणता रंग घ्यावा.

रंग तुम्ही बरोबर घेतलात. गडबड झाली ती उजेडाची, आणि थोडी बाह्यरेषेची. या दोन गोष्टी सुटल्या की रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं. म्हणून "कोणता रंग" याच्या आधी "कोणत्या उजेडात, कुठून बघितल्यावर" हा प्रश्न सोडवू.

मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, शेड मॅचिंग (रंगाची छटा जुळवण्याचं काम) करतो. पार्टी कापडाचा तुकडा देते, आम्ही लॅब डिप, म्हणजे रंगवलेला नमुना, काढतो आणि लाइट बॉक्समध्ये धरून जुळवतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेली शेड उन्हात नेली की वेगळी दिसते, हे या धंद्यात पहिल्या महिन्यातच कळतं. घरी गेली काही वर्षं दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत भाचरांसाठी मी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतो. लपाछपी हा तिथला रोजचा खेळ. तुमच्यासारखंच फाइलमधला रंग उचलून मी शेवाळलेल्या दगडाची स्किन केली होती. भाचा खोलीत आला आणि दारातूनच म्हणाला, "मामा, तिथे माणसाच्या आकाराचं भोक पडलंय." त्या वाक्यात सगळं आलं. रंग दगडाचाच होता, पण दगडांच्या भिंतीत माणसाएवढा एक सपाट तुकडा वेगळा पडला होता.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगतो, कारण त्या तपासल्याशिवाय पुढचं सगळं वाया जाईल. डोक्यावरचं नाव लपवलेलं आहे का ते बघा. नाव दिसत असेल तर रंगाचा काहीच उपयोग नाही. वाकून बसलात तर नाव भिंतीपलीकडून दिसत नाही आणि ३२ ठोकळ्यांच्या पुढून दिसत नाही, एवढाच आधार. दुसरं, राज्य घेणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर काय चालू आहे ते तुमच्या हातात नसतं. ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला असेल तर अंधारे कोपरे त्याला अंधारे दिसणार नाहीत. उजेड-सावली बदलणारे शेडर लावलेले असतील तर सावल्याच वेगळ्या पडतील. बेडरॉक या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत २०२५ पासून आलेले व्हायब्रंट व्हिज्युअल्स (नव्या उजेड-सावल्यांची सोय) चालू असतील तरी तेच. मी पुढे जे सांगतोय ते साध्या, काहीही न बदललेल्या जावा आवृत्तीबद्दल आहे. आणि ज्या सर्व्हरवर लपणाऱ्याला ठोकळ्याचंच रूप घेता येतं तिथे रंगाचा प्रश्न येत नाही, जागेचा येतो.

आता उजेड. माइनक्राफ्टमध्ये ठोकळ्याच्या सहा बाजू सारख्या उजळ नसतात. वरची बाजू पूर्ण उजळ. उत्तर आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाजू ८० टक्के, पूर्व आणि पश्चिमेकडच्या ६० टक्के, खालची ५० टक्के. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असतानाही हेच. ओकच्या फळीचा फाइलमधला सरासरी रंग साधारण लाल १६२, हिरवा १३०, निळा ७८ असा आहे (प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्ये, मोठा म्हणजे उजळ). तीच फळी पूर्वेकडे तोंड करून भिंतीत बसली की डोळ्याला साधारण ९७, ७८, ४७ दिसते. उत्तरेच्या भिंतीत १३०, १०४, ६२. म्हणजे एकाच खोलीच्या दोन भिंती, ठोकळा तोच, आणि रंग दोन.

हे वाचून पुष्कळ जण पुढची चूक करतात. म्हणतात, ठीक आहे, फाइल सोडा, स्क्रीनशॉट काढून त्यातून रंग उचलू. त्याने आणखी बिघडतं. कारण खेळाडूच्या अंगालाही खेळ स्वतःची छटा लावतो, आणि ती ठोकळ्यांपेक्षा वेगळ्या हिशोबाने लावतो. भिंतीवर आधीच गडद झालेला ९७ तुम्ही अंगाला लावलात की तो अंगावर आणखी एकदा गडद होतो आणि ५० च्या आसपास जातो. भिंतीसमोर काळपट माणूस उभा दिसतो.

माझ्या लॅबमध्ये यावर एकच उपाय आहे, तो इथेही चालतो: लावा, मोजा, दुरुस्त करा. आधी फाइलमधला रंगच अंगाला लावा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेला तोंड करून उभे राहा. एफ५ दोनदा दाबून स्वतःला समोरून बघा, एफ१ दाबून पडद्यावरच्या पट्ट्या घालवा, एफ२ दाबून फोटो घ्या. त्या फोटोत भिंतीचा एक ठोकळाभर तुकडा आणि तुमच्या छातीचा तुकडा, दोन्हीची सरासरी काढा. सरासरीसाठी तुकडा कापून तो एका पिक्सेलपर्यंत लहान केला की झालं. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीला पाठ लावून उभं राहिल्यावर मला भिंतीचा लाल ९७ आणि अंगाचा ८१ च्या जवळ मिळाला. ९७ भागिले ८१ म्हणजे साधारण १.२. मग स्किनचे तिन्ही आकडे १.२ ने गुणायचे: १९४, १५६, ९४. फाइलच्या रंगापेक्षा हा बराच फिकट दिसतो, आणि स्किन एडिटरमध्ये बघून तुम्हाला वाटेल की हे चुकलंय. भिंतीला लागून उभं राहिल्यावर तो बसतो.

तीन गोष्टी या हिशोबात खोडा घालतात. एक, कोपरा. स्मूद लाइटिंग (उजेड-सावली मऊ उतरवणारी सेटिंग) चालू असेल तर दोन भिंती जिथे मिळतात तिथे ठोकळे जास्त गडद होतात, पण तुमचं अंग होत नाही. म्हणून सपाट भिंतीसमोर तुम्ही जरा गडद दिसता आणि कोपऱ्यात जरा उजळ. एकच स्किन दोन्हीकडे चालत नाही. दोन, मशाल. भिंतीवर मशालीचा उजेड जवळ जास्त आणि लांब कमी असा उतरत जातो, पण तुमच्या सगळ्या अंगाला एकच उजेड मिळतो, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो तेवढा. मशालीशेजारी उभं राहिलं की पाय भिंतीपेक्षा उजळ दिसतात. तिथे लपायचंच असेल तर स्किनचे पाय धडापेक्षा एक छटा गडद रंगवा. तीन, तुमची दिशा. अंग वळलं की त्यावरची छटा बदलते. याचा उलट फायदाही घेता येतो: रंग थोडाच कमीजास्त असेल तर एफ५ लावून हळूहळू वळत राहा, एखाद्या कोनात तो भिंतीशी जुळतो. तिथेच थांबा आणि मग माऊसला हात लावू नका, कारण डोकं वळलेलं लगेच कळतं.

रंगाच्या आधी उजेड बघायचा, हे मी एवढं का सांगतोय? एक छोटा प्रयोग करा. वरचा फोटो कृष्णधवल करा, सॅच्युरेशन शून्यावर आणा. त्यात तुम्ही वेगळे दिसत असाल तर रंग कितीही नेमका असो, तुम्ही सापडणार. आणि कृष्णधवल फोटोत तुम्ही विरघळून गेलात तर मूळ रंगात थोडा फरक असला तरी लांबून खपतो. फोटो काढायचा कंटाळा असेल तर डोळे किलकिले करून पडद्याकडे बघा, तोच परिणाम मिळतो. भाच्याचा एक मित्र आहे, त्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. झाडीत लपलेल्यांना तो सगळ्यांच्या आधी शोधतो. बाकीची मुलं हिरव्यात हिरवं बघून फसतात. त्याला हिरव्याचा आधार नसतो, म्हणून तो गडद-फिकट बघतो, आणि गडद-फिकट जुळवण्याची तसदी कोणी घेतलेली नसते. त्याला फसवू शकली ती स्किन पास, असा आमच्याकडे नियमच झालाय.

आता बाह्यरेषा. एकाच सपाट रंगाने भरलेली स्किन सपाट भिंतीसमोरच चालेल, उदाहरणार्थ काँक्रीट. बाकी प्रत्येक ठोकळ्यावर १६ बाय १६ पिक्सेलचं काहीतरी नक्षीकाम असतं, आणि त्यात तुमचा सपाट तुकडा कापून काढल्यासारखा दिसतो. म्हणून एकाच रंगाच्या जवळजवळच्या चार-पाच छटा घ्या आणि त्या भिंतीवर जशा विखुरल्या आहेत तशा विखरा. पण त्यांच्यातलं अंतर भिंतीवर दिसतं त्यापेक्षा कमी ठेवा. याचं कारण असं, की लांबून बघताना खेळ ठोकळ्यांची टेक्स्चरं मऊ करून दाखवतो, मिपमॅपिंग म्हणतात त्याला. खेळाडूंच्या स्किनला ते लागत नाही. त्यामुळे जवळून भिंतीसारखी दिसणारी ठिपक्यांची स्किन तीस-चाळीस ठोकळ्यांवरून खडबडीत दिसते, आणि भिंत गुळगुळीत. खोली छोटी असेल तर नक्षी जास्त, मैदान मोठं असेल तर नक्षी कमी.

चेहरा पुसून टाका. स्किनवर दोन पांढरे डोळे ठेवून लपणारे मी दर सुट्टीत बघतो. माणसाची नजर चेहरा सगळ्यात आधी शोधते. केसांचा वेगळा रंग, बुटांची पट्टी, कमरेचा पट्टा, सगळं घालवा. हात रिकामा ठेवा. बारीक हातांचं मॉडेल निवडा, त्यात हात चारऐवजी तीन पिक्सेल रुंद असतो. हात उभ्या-उभ्याही हलके डोलत असतात, ते आपल्याला थांबवता येत नाहीत, म्हणून जेवढे बारीक तेवढे बरे.

फळ्यांच्या भिंतीबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून एक खास गोष्ट, जी मला पुष्कळ उशिरा कळली. ओकच्या ठोकळ्यावर चार आडव्या फळ्या असतात, प्रत्येक फळी चार पिक्सेल उंच. तेव्हा स्किनवरही दर चार पिक्सेलला गडद रेघ मारली तर ती भिंतीच्या रेघेशी जुळेल असं वाटतं. जुळत नाही. खेळ खेळाडूला किंचित लहान करून दाखवतो, ०.९३७५ पट. स्किनची उंची ३२ पिक्सेल, पण भिंतीच्या मापात ती ३० भरते. पायाशी रेघ जुळवली तर डोक्यापर्यंत जाता जाता ती दोन पिक्सेल, म्हणजे अर्धी फळी सरकते. छातीच्या वरच्या रेघा सगळ्या चुकतात आणि नजर नेमकी तिथेच अडकते. उपाय सोपा आहे: एका ठोकळ्यातल्या चार फळ्यांना स्किनवर १६ नाही, १७ पिक्सेल द्या. तीन फळ्या चारच्या, चौथी पाचची. हे पायापासून वर मोजत न्या. मग रेघ भिंतीवरून तुमच्या अंगावर येते आणि पलीकडे निघून जाते, आणि माणसाची कड मधल्या मध्ये हरवते. फक्त वाकून बसू नका. वाकलं की धड तिरकं होतं आणि हे सगळं बिघडतं.

रातवा पक्षी कोणी जवळून पाहिला असेल तर हे लगेच पटेल. वाळक्या पाचोळ्यात बसलेल्या रातव्याचा रंग पाचोळ्यासारखा असतोच, पण तो दिसेनासा होतो ते त्याच्या पंखांवरच्या गडद-फिकट ठिपक्या-रेघांमुळे, कारण त्या पक्ष्याच्या आकाराला मधूनच तोडतात. आणि तो हलत नाही.

हिरव्याबद्दल सावध राहा. गवताच्या ठोकळ्याच्या वरच्या बाजूचं टेक्स्चर फाइलमध्ये उघडून बघा, ते करडं आहे. ओकची पानंही करडी. हिरवा रंग खेळ वरून चढवतो आणि तो प्रदेशाप्रमाणे बदलतो: जंगलात भडक, दलदलीत मळकट, बॅडलँड्समध्ये जवळजवळ तपकिरी. म्हणून "गवताचा हिरवा" असा एक आकडा नसतोच. बर्च आणि स्प्रूसच्या पानांचे रंग मात्र कुठेही गेलात तरी तेच राहतात, त्यामुळे झाडीतच लपायचं असेल तर मी त्यांच्याकडे जातो. पण खरं सांगायचं तर पानांमध्ये लपू नये असंच माझं मत आहे. पानांना भोकं असतात, त्यातून मागचं आकाश दिसतं, आणि तुमच्या अंगातून दिसत नाही.

स्किन जावामध्ये बदलली की सर्व्हरमधून बाहेर पडून परत यावं लागतं. मग चालू डावात रंग बदलायचा असेल तर चामड्याचं चिलखत. रंग १६, पण क्राफ्टिंग टेबलावर दोन-तीन एकत्र टाकले की मधली छटा मिळते. खेळ त्यांची सरासरी काढतो आणि मिश्रण काळवंडू नये म्हणून थोडा उजेड परत भरतो. करडा आणि तपकिरी एकेक टाकला तर साधारण १०६, ८५, ६९ येतो, मातकट, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. न आवडल्यास पाण्याच्या कढईत धुतला की मूळ चामडं परत. चिलखताचे दोन तोटे आहेत. काही ठिकाणी न रंगलेलं तपकिरी चामडं तसंच राहतं, आणि चिलखत अंगाबाहेर थोडं फुगलेलं असतं, म्हणजे आकार वाढतो. म्हणून उघड्या भिंतीसमोर स्किन, अडगळीत चिलखत.

पूर्ण नकाशासाठी एकच स्किन घ्यायची झाली तर? नकाशावरच्या सहा-सात लपण्याच्या जागांचे फोटो घ्या, प्रत्येकाचा एक सरासरी रंग काढा आणि ते शेजारी शेजारी मांडा. बहुतेक वेळा ते करड्या-तपकिरीच्या पट्ट्यात येतात. त्यांच्या मधला घ्या आणि अडलंच तर थोडा गडद बाजूला झुका. गडद डाग सावली म्हणून खपतो, उजळ डाग कशाचाच म्हणून खपत नाही. शुद्ध काळा मात्र कधीच नको, कारण काळ्या लोकरीचा ठोकळासुद्धा पूर्ण काळा नसतो, साधारण २०, २१, २५ असतो. खाकी या शब्दाचा अर्थ धुळीच्या रंगाचा. एकोणिसाव्या शतकात पेशावरला उभारलेल्या गाइड्स या ब्रिटिशांच्या फौजी तुकडीने भडक लाल कोटाऐवजी तो रंग घेतला, तो याच हिशोबाने: कुठेच तंतोतंत नाही, पण पुष्कळ ठिकाणी पुरेसा.

शेवटचा मुद्दा जागेचा. तुमच्या मागे काय आहे हे तुम्ही ठरवत नाही, राज्य घेणारा कुठे उभा आहे त्यावर ते ठरतं. भिंतीला पाठ घट्ट लावली असेल तर समोरून आणि तिरकं, दोन्हीकडून मागे भिंतच राहते. एक ठोकळा पुढे उभे राहिलात तर तिरक्या नजरेला मागे दरवाजा येईल किंवा खिडकीतलं आकाश. आणि जिन्यावरून बघणाऱ्याला तुमच्यामागे भिंत नसून जमीन असते. म्हणून रंग ठरवण्याआधी दारात जाऊन उभे राहा, जिना असेल तर जिन्यावर, आणि तिथून तुमच्या जागेकडे बघा. तुमच्या त्या लांब भिंतीला समोर दार आहे की बाजूला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बाजूला असेल तर भिंतीचा दाराकडचा भाग सोडा आणि लांबच्या टोकाकडे जा.

पुढच्या डावाआधी एवढं करा. भर दुपारी, त्याच जागी, फाइलमधल्या रंगाची स्किन घालून तीन फोटो घ्या: एक समोरून, एक दारातून, एक कोपऱ्यात उभं राहून. प्रत्येकातले भिंतीचे आणि छातीचे सरासरी आकडे इथे लिहा, दुरुस्तीचं गुणोत्तर मी काढून देतो. भिंत कोणत्या दिशेला तोंड करून आहे तेही लिहा. भिंतीसमोर उभे राहून एफ३ दाबलंत की फेसिंगपुढे तुमची दिशा दिसते. भिंतीची दिशा त्याच्या उलट.